ओहोटीत अडकलेली सोयरीक

होडीत बसावं कसं, हे मला लालबागच्या आमच्या चाळीने शिकवलं. चाळीतल्या एकाही माणसाने जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता ही गोष्ट वेगळी. पण न केलेल्या गोष्टीबद्दल सल्ला द्यायचा नाही असं कुठे लिहिलंय? बिनलग्नाचे लोक संसारावर बोलतातच की.

त्यातून तो संपाचा काळ. गिरण्या बंद पडून वर्ष उलटून गेलेलं. एरवी पाळी धरून कामाला जाणारी माणसं दिवसभर गॅलरीत उभी. कुणाच्या घरी फोडणी जळली तर तिथे चार सल्ले वासाच्या आधी पोचायचे. मी एकटा शर्ट खोचून दादरच्या विमा कचेरीत जाणारा, म्हणजे चाळीच्या हिशेबी सुशिक्षित. आणि सुशिक्षित माणसाला व्यवहारातलं काही कळत नाही, यावर आमच्या चाळीचं संपातल्या मागण्यांपेक्षाही पक्कं एकमत होतं.

प्रकरण माझ्या बहिणीच्या सोयरिकीचं. शेवंता हिंदमात्याला साड्यांच्या दुकानात काउंटरवर होती. तिथे शिवडीच्या कोळीवाड्यातला जगन नावाचा मुलगा आईसाठी लुगडं घ्यायला आला. गोदीत लाँचदुरुस्तीच्या कामाला होता. मग तो पुन्हा आला, आणि पुन्हा आला. पावसाळा सरेपर्यंत त्याच्या आईच्या ट्रंकेत इतकी लुगडी जमली की त्या माउलीला संशय आला. आम्हाला संशय यायला दिवाळी उजाडली, कारण शेवंता बिचारी रोज रिकाम्या हातानेच घरी येत होती.

जगनला घरी चहाला बोलावलं. मुलगा सरळ. चहा बशीत ओतून प्यायला, तिथेच आमच्या आईने त्याला पास केला. मी जातीचा विषय हळूच काढून पाहिला, तर आई मलाच म्हणाली, "मासे खाता मां तो? मगे झालां." आईचं सगळं आयुष्य लालबागला गेलं, पण तिच्या जिभेने मालवण सोडलं नव्हतं.

"आमच्याकडनं एकच आहे," जगन कप ठेवत म्हणाला. "सोयरीक ठरवायच्या आधी दोन्ही घरं एका होडीत बसून खाडीपलीकडे देवीला जातात. आमच्या घरात तशी रीतच आहे. आई माणसं होडीत बघते."

"होडीत काय बघायचं असतं?" मी विचारलं.

"ते आईलाच माहीत. तुम्ही नीट वागा म्हणजे झालं." एवढं बोलून तो खाली मान घालून गेला. लाँचच्या इंजिनात हात घालणारा हा मुलगा आईला जाम घाबरत होता, हे मला तेव्हाच कळलं.

नीट वागा म्हणजे काय, हा प्रश्न चाळीत पोचायला जगनने जिना उतरायची गरज नव्हती. तळमजल्यावरचा गुणाजी वर आला. गुणाजी गिरणीत लागायच्या आधी काही वर्षं कॉटन ग्रीनच्या गोदामात हमाल होता, आणि गोदामाच्या मागे समुद्र होता. एवढ्या भांडवलावर तो कोळ्यांच्या रीतिरिवाजांचा जाणकार झाला होता.

"दौलतराव," तो दारातच पाय पसरून बसत म्हणाला, "कोळ्यांच्यात होडीत वरचा आवाज निघाला की सोयरीक मोडली. देवीला चालत नाय. त्यांनी काय पण बोललं तरी आपण फक्त 'हो' म्हणायचं. तोंडातनं उलटा शब्द गेला की होडी परत फिरवतात. मी डोळ्यांनी बघितलंय."

डोळ्यांनी कुठून, तर गोदामाच्या खिडकीतून. पण ते विचारायचं मला सुचलं नाही. कारण माझं लक्ष शेवंताकडे होतं. ती दुकानातली सवय म्हणून आईचं पातळ घडी घालत होती, आणि तीच ती घडी मोडून पुन्हा घालत होती. गुणाजी गेल्यावर ती म्हणाली, "दादा, हे जमलं तर जमलं. नाही जमलं तर माझ्यासाठी पुन्हा कुणाला चहा-पोहे करू नका. मला दुसरा कुणी बघायचा नाही." आणि पातळ कपाटात ठेवून ती मोरीत भांडी घासायला गेली.

म्हणजे आमच्या घराला एक दिवसभर शहाण्यासारखं वागायचं होतं. ज्यांनी आमचं घर पाहिलंय त्यांना हे काम किती अवघड होतं ते कळेल.

सगळ्यात मोठी अडचण गणपतकाका. काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून घरातले वडीलधारे तेच, त्यामुळे त्यांना वगळून सोयरिकीला जाणं शक्य नव्हतं. साचे चालवण्यात जन्म गेल्यामुळे ते साच्यांच्या खडखडाटावर बोलल्यासारखंच बोलत. आता साचे बंद होते, आवाज मात्र तेवढाच राहिला होता. कुठलाही विषय काढा, काका तिसऱ्या वाक्याला संपावर येत. शेजारच्या घरी पाळण्यातलं मूल बघायला गेले आणि तिथून संप फुटणार की नाही यावर भांडून परतले. त्यांच्या खालोखाल आई. आई तशी देवमाणूस, पण बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालावीत की नाही यावर तिने आमच्या सख्ख्या मावशीशी बोलणं टाकलं होतं. माझी बायको अंबिका स्वतःला समंजस समजते. आणि मी, मी शांत स्वभावाचा आहे. फक्त माझी चूक नसताना कुणी बोललं तर मला सहन होत नाही, आणि माझी चूक सहसा नसते.

म्हणून गुणाजीने तालीम ठेवली. गॅलरीतलं बाकडं म्हणजे होडी. हातात वल्ही म्हणून केरसुण्या. आम्ही एकामागे एक बसायचं आणि गुणाजीने समोर उभं राहून सोनूबाई, म्हणजे जगनची आई, व्हायचं. "तुमची पोर काळी हाय," तो बायकी आवाज काढून म्हणायचा, आणि आम्ही केरसुण्या मारत एका सुरात "हो हो" म्हणायचं. "संपवाले आळशी असतात." "हो हो." काकांच्या मानेची शीर टरारून फुगायची, पण पुतणी म्हणून शेवंतावर त्यांचा जीव होता. ते उपरण्याचा बोळा दातात धरायचे. सगळी चाळ बघायला जमायची. संपात लोकांना दुसरी करमणूकही नव्हती.

तालमीत कुणीतरी शंका काढली की होडी उलटली तर. मग टॅक्सी चालवणाऱ्या शिवाने टायरच्या जुन्या ट्यूब आणून दिल्या. आलेपाक आला, लिंबं आली, ओवा आला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी नारळ दिला, समुद्रात सोडायला, आणि सोडायच्या आधी त्यांच्या नातवाच्या नोकरीचं सांगायला.

आता इथवर मी फक्त बाकड्यावर बसत होतो. पुढची करणी माझी. माणूस शिकलेला असला की त्याला परवानगीशिवाय काही करवत नाही. एवढी उतारू माणसं मच्छीमारी होडीतून न्यायची, म्हणजे कुठेतरी कागद लागत असणार, असं माझ्या मनाने घेतलं. मी अर्धी रजा टाकून गोदीकडच्या एका कचेरीत गेलो.

पहिल्या टेबलावरच्या गृहस्थाने विचारलं, "होडीला यंत्र आहे?"

"नाही. वल्ही आणि शीड."

"मग आमच्याकडे नाही. पलीकडे."

पलीकडच्याने विचारलं, "माल की उतारू?"

"नातेवाईक," मी म्हणालो. "म्हणजे अजून नाहीत. होणार आहेत, प्रवास सुरळीत झाला तर."

त्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच चोरटा माल आहे. त्या दिवसांत समुद्रातून घड्याळं आणि कापड उतरत असल्याच्या गोष्टी सगळीकडे होत्या. "कोळ्याच्या होडीतून लालबागची माणसं, हातात वल्ही, आणि तुम्ही म्हणता देवीला?" मी त्याला सोयरिकीची सगळी रीत समजावून सांगितली. त्याला ती आवडली असावी, कारण त्याने शेजारच्या दोन टेबलांना बोलावून मला पुन्हा सांगायला लावली. शेवटी अर्ज ठेवून घेतला. बाहेर पडताना तिथला शिपाई म्हणाला, "साहेब, कशाला विचारलंत? कोण बघतंय? गुपचूप गेला असता." मी त्याला नागरिकाच्या कर्तव्याबद्दल दोन शब्द सांगितले. आज आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

दिवस ठरला मार्गशीर्षातल्या दशमीचा, सोमवार. दशमीला भरती आठाच्या सुमाराला पूर्ण होते, तेव्हा सूर्य वर यायच्या आत बंदरावर या, पाणी भरलं की निघू, असा जगनचा निरोप होता. आम्ही वेळेवर पोचलो. खोटं बोलणार नाही, आमच्या घराण्यात हे प्रथमच घडलं. गुणाजीला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो आमच्या आधी जाऊन बसला होता.

सोनूबाई होडीजवळ उभी होती. नऊवारी लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, आणि नजर अशी की मी उगीचच शर्टाचं बटण चाचपलं. तिचा नवरा कधीच वारला होता, होडी चालवायचा दीर दत्तू, म्हणजे घरचा तांडेल. थोरला मुलगा चंदू वल्ही लावत होता. त्याने आमच्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा खाली बघितलं. होडी लांबलचक, चिंचोळी, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हळदकुंकू. चपला काढून हातात घ्यायच्या असं दत्तूने सांगितलं. आम्ही "हो हो" म्हणालो.

एवढ्यात आई म्हणाली, "वाजले किती?"

साडेसात वाजत होते. सोमवारी साडेसातला राहुकाळ लागतो, तो नऊपर्यंत. हे आईला माहीत होतं, आणि मला रात्रभर झोप नव्हती म्हणून मी विसरलो होतो. पोरीच्या सोयरिकीला राहुकाळात पाऊल उचलायचं नाही म्हणजे नाही. आई बंदरावरच्या दगडावर बसली.

"आई, भरती थांबत नाही," मी कानात सांगितलं.

"राहूसुदीक थांबना नाय," आई म्हणाली.

दत्तू तांडेलाने पाण्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, मग विडी पेटवली. आम्ही सगळे नऊ वाजायची वाट बघत नम्रपणे उभे राहिलो. नम्रपणे उभं राहण्याने पाय फार दुखतात.

नऊ वाजले. आई उठली. तेवढ्यात सायकलवरून एक इसम आला आणि त्याने विचारलं, "दौलतराव कोण?" तो गोदी-कचेरीतला आनंदा. माझा अर्ज पास झाला होता, मात्र होडी सुटण्यापूर्वी त्याने ती तपासायची होती. सोनूबाईने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या सासऱ्यापासून त्या होडीला कुणी कागद विचारला नव्हता.

आनंदा फार कर्तव्यदक्ष निघाला. कर्तव्यावरचं माझं भाषण बहुधा त्याच्यापर्यंत पोचलं होतं. त्याने फळ्या ठोकल्या, भोकं शोधली, जीवरक्षक साधनं दाखवा म्हणाला. आम्ही ट्यूब दाखवल्या. मग त्या अंगात बसतात का ते घालून दाखवा म्हणाला. माझी ट्यूब पोटापर्यंत उतरली आणि तिथेच राहिली. ती ना वर जाईना, ना खाली. शिवाने हवा जरा सढळ हाताने भरली होती. शेवटी आनंदाने समाधानाने सही केली, आणि तोवर अकरा वाजत आले होते. पाणी बंदरापासून दूर गेलं होतं आणि मधे शिवडीचा सुप्रसिद्ध चिखल लागला होता.

होडी पुढे ढकलून ठेवलेली. बायका जगनच्या आधाराने फळीवरून गेल्या, त्यांच्यामागून न विचारता गुणाजी. मला चंदूने ट्यूबसकट उचलून होडीत ठेवलं. विमा कचेरीत माझ्या हाताखाली दोन माणसं काम करतात.

दत्तूने काकांच्या हातात एक वल्हं दिलं, प्रवास सुरू झाला आणि सोनूबाईने परीक्षा घ्यायला सुरुवात केली. आधी माझ्यापासून. "कारकुनाला पोहता येत नाय वाटतं?"

"हो हो," मी म्हणालो.

"मग बुडाला तर कोन काढनार?"

"हो हो."

ती आईकडे वळली. "तुमच्यात बांगड्याला तिरफळं घालतात म्हनं. ज्याला ताजा बांगडा मिळत नाय तो तिरफळं घालतो. वास दाबायला."

होडीतली आमची माणसं श्वास रोखून बसली. अंबिकेने डोळे मिटले. आईचे ओठ दोनदा हलले. मग ती लांबून कुठून तरी आणल्यासारख्या आवाजात म्हणाली, "खरां आसा तुमचा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईने एवढा त्याग माझ्या वडिलांसाठीही केला नव्हता.

मग दत्तू काकांना म्हणाला, "गिरणीवाल्यांनू, यवढं बंद ठेवून मिळवलंत काय? समुद्र असा बंद ठेवला असता तर आमची पोरं उपाशी मेली असती." काकांनी उपरण्याचा बोळा तोंडात घातला तो इतका आत गेला की त्यांना ठसका लागला. ठसक्यातूनही त्यांनी मान "हो"ला हलवली. गुणाजी मागून अभिमानाने बघत होता.

गंमत अशी की आम्ही जितके चांगले वागत गेलो तितकी सोनूबाई उदास होत गेली. तिने टोमणे मारणं हळूहळू थांबवलं. आम्हाला वाटलं, जिंकत चाललोय.

आणि होडी थांबली. आवाज नाही, धक्का नाही, नुसती थांबली. दत्तूने वल्हं उभं खाली घातलं तर ते कमरेएवढ्या चिखलात रुतलं. पाणी बाजूने निघून चाललं होतं आणि आम्ही मधोमध, बंदर दिसतंय, पलीकडचा डोंगर दिसतोय, जायला दोन्हीकडे वाट नाही. "आता पानी येईल तेव्हा," दत्तू म्हणाला. उतरून चालणं शक्य नव्हतं. माणूस कमरेपर्यंत रुतला असता.

त्या चिखलात, डोक्यावर ऊन घेऊन, आम्ही शहाण्यासारखे बसलो. लिंबं संपली. आलेपाक वितळला. जो तो दुसऱ्याला पाण्याची बाटली देत होता आणि "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करत होता. राहुकाळाचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या अर्जाचंही नाही. मला आतून असं होत होतं की कुणीतरी मला एक शिवी द्यावी, मग बरं वाटेल. कुणी दिली नाही. दोन्ही घरं एकमेकांकडे बघून हसत होती, आणि हसून हसून आमचे जबडे दुखत होते.

बऱ्याच वेळाने सोनूबाई जगनकडे सरकली आणि हळू आवाजात बोलली. पण होडीत हळू आवाज म्हणजे काय, सगळ्यांना ऐकू गेलं. "जगन, नको रं. मानसं चांगली हायत, पन नको. ही पोटात ठेवनारी मानसं. मला भीती वाटते."

जगनने मान खाली घातली. काकांच्या हातातला बोळा खाली पडला. मी आई एकवीरेपासून सगळ्या देव्या आठवल्या. एवढं गिळून, एवढं "हो हो" करून शेवटी नकोच. मला बोलायचं होतं, पण मी गुणाजीकडे पाहिलं, आणि गुणाजीने ओठांवर बोट ठेवलं.

शेवंता उठून उभी राहिली. होडी डचमळली.

"दादा, पुरे झालं तुझं हो हो," ती म्हणाली. आवाज असा की दूर चिखलात बसलेले बगळे उडाले. "सकाळपासून काय नंदीबैलासारखा मान हलवतोयस? तुला कुणी सांगितलं होतं अर्ज करायला? शिपाईसुद्धा म्हणाला होता ना, गुपचूप जा? आणि आई, तुझा राहुकाळ. मुलगा मला बघायचाय, तुझ्या राहूला नाही. काका, तुमचं थोबाड फुटायला आलंय, बोला ना काय बोलायचंय ते, मरून जाल नाहीतर."

"शेवंता, खाली बस," मी म्हणालो.

"नाही बसणार. अठ्ठावीस स्थळांसमोर बसलेय मी, आता उभी राहते." मग ती जगनकडे वळली. "आणि तू रे? लुगडी घ्यायला यायचास तेव्हा तासतासभर बोलायचास. आज आईसमोर तोंडात मासा अडकला का? ती नको म्हणाली, आणि तू मान खाली घातलीस. लाज नाही वाटत?"

जगन उठायला गेला. "बस तिथेच," ती म्हणाली. तो बसला.

"आणि तुम्ही," तिने सोनूबाईकडे पाहिलं. मी डोळे मिटले. "सकाळपासून टोचताय. मी काय टोपलीतलं पापलेट आहे, कल्ले उघडून बघायला? माझ्या आईच्या हातची तिरफळं घातलेली आमटी एकदा खाऊन बघा आणि मग बोला. पोटात ठेवणारी माणसं म्हणे. तुमच्यासाठी ठेवलं पोटात. नाहीतर आमची माणसं कशी आहेत ते अख्ख्या लालबागला विचारा."

एवढं झाल्यावर कोण थांबतंय? आई म्हणाली, "खरांच, तिरफळां वास दाबूक नाय घालनत, तुमका जेवणातला काय कळता?" काकांचा सकाळपासून कोंडलेला आवाज सुटला. "काय मिळवलां म्हणान विचारतस? साच्यावर आठ तास उभो रवान दाखव," ते दत्तूच्या अंगावर धावून गेले, म्हणजे होडीत जेवढं धावता येतं तेवढं, आणि दत्तू म्हणाला, "तू वल्हं धरून दाखव आधी, सकाळपासून पान्यात नुसतं बुडवतंयस." अंबिका माझ्यावर. मी गुणाजीवर. गुणाजी म्हणाला, "मी फक्त सल्ला दिला," तेव्हा दोन्ही घरं पहिल्यांदा एक होऊन त्याच्यावर तुटून पडली. सोनूबाई तर उभी राहून कमरेवर हात ठेवून अशी भांडत होती की मासळीबाजार ओस पडावा. ती आणि शेवंता समोरासमोर, नाकाला नाक. एक श्वास घ्यायला थांबली की दुसरी सुरू.

किती वेळ चाललं कुणास ठाऊक. आम्हाला थांबवलं चंदूने. तो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "पानी आलं."

खरंच आलं होतं. होडी केव्हाची तरंगत होती आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दत्तूने आणि काकांनी एकेक वल्हं घेऊन होडी देवीच्या दिशेने काढली. काकांचं वल्हं अजून चुकत होतं, आणि दत्तू ते मोठ्याने सांगत होता.

सोनूबाई खाली बसली. पदराने तोंड पुसलं. मग कुणाकडे न बघता बोलायला लागली. "माझी थोरली सून. चंदूची. चार वर्षं घरात होती. कधी उलटून बोलली नाय. भात जास्त शिजला असं मी म्हनाले तर हो, कमी शिजला म्हनाले तरी हो. मी वाड्यात सगळ्यांना सांगायची, काय गुनाची पोर हाय. एक दिवस माहेरी जाते म्हनाली आनि गेली. परत आलीच नाय. काय झालं होतं, मला आजपावेतो कळलं नाय. तिनं सांगितलंच नाय ना कधी." तिने चंदूच्या पाठीकडे पाहिलं. चंदू वल्हं मारत राहिला.

शेवंता तिच्याशेजारी जाऊन बसली.

थोड्या वेळाने सोनूबाईने मला विचारलं, "दौलतराव, खरं सांगा. ही घरात पन अशीच वरडते काय?"

गुणाजी मागून खाकरला. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. मी शेवंताकडे बघत होतो. आमच्या दोन खोल्यांत ती लहानाची मोठी झाली, पगार आईच्या हातात दिला, संपात काकांचं घर सांभाळलं, प्रत्येक स्थळापुढे खाली मान घालून बसली, आणि चाळभर तिचीही ख्याती तीच होती, काय गुणाची पोर आहे.

"नाही," मी म्हणालो. "घरात कधीच नाही. मी आज पहिल्यांदा ऐकलं."

सोनूबाईने तिचा हात हातात घेतला. "घरात नाय वरडली, आमच्या होडीत वरडली," ती म्हणाली. "म्हंजे ती आमचीच झाली."

ते ऐकून जगन वेड्यासारखा हसायला लागला, आईने पदर डोळ्यांना लावला, काकांनी वल्हं सोडून नाक पुसलं. आणि मला, इतका वेळ मान हलवणाऱ्या मला, एकदम असा राग आला की काय सांगू.

"अशी कशी तुमची झाली?" मी ट्यूबसकट उठून उभा राहिलो. "लग्न माघात करायचं की फाल्गुनात ते अजून ठरायचंय. तोवर ती आमची आहे. घरी ओरडायचं तर तिचं सगळंच राहिलंय, ते आधी होऊ द्या. आम्हाला काही हौस नाही का?"

सोनूबाईने मला नखशिखांत न्याहाळलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच मनापासून हसली.

"हां," ती म्हणाली, "आता कसं सोयऱ्यासारखं बोललात."